विद्यार्थ्याच्या वेळेसाठी देणगी: पदवी महाविद्यालयात संशोधन-सहभागाची योजना उभारताना

ठाणे आणि नवी मुंबईच्या पदवी महाविद्यालयांत संशोधनाची ओढ असलेले प्राध्यापक आहेत, शिकण्याची उमेद असलेले विद्यार्थी आहेत आणि आपल्या कॉलेजसाठी काही करावे असे वाटणारे माजी विद्यार्थी व उद्योजकही आहेत. तरीही प्राध्यापकाच्या संशोधनात पदवीचा विद्यार्थी सहसा दिसत नाही. उपकरणे नाहीत, असे त्याचे कारण बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. माझ्या मते मोठी अडचण वेळेची आहे. दुपारी तासिका संपल्या की एस.वाय.चा, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा, विद्यार्थी लहान मुलांच्या शिकवण्या घेतो, औषधांच्या दुकानात उभा राहतो किंवा डिलिव्हरीचे काम करतो आणि रात्री बदलापूर, शहापूर नाहीतर पनवेलपलीकडच्या गावी परततो. त्याला प्रयोगशाळेत थांबायला सांगितले तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे ज्यांच्या घरी त्या कमाईची गरज नाही तेवढेच विद्यार्थी संशोधनापर्यंत पोहोचतात. देणगीच्या आधाराने योजना उभारायची असेल, तर देणगीचा पहिला आणि मोठा वाटा विद्यार्थ्याच्या वेळेचा मोबदला म्हणून राखावा, असा माझा आग्रह आहे आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच आग्रहातून आल्या आहेत.

हा विचार आपल्याकडे परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर गरीब मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था उभी केली. वाशीतील रयतचे महाविद्यालय त्यांचेच नाव धारण करते. पदवीच्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या संशोधनात रीतसर सामील करून घेणारा सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम अमेरिकेतील एमआयटीत १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि त्याच्या आरंभीच्या खर्चाला पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांच्या देणगीचा आधार होता. तिथे विद्यार्थी संशोधनाचे काम मोबदल्यासाठी किंवा श्रेयांकांसाठी (क्रेडिट्ससाठी) करू शकतो. आपल्या कॉलेजात याच दोन धाग्यांना जोडायचे आहे: कष्टाचा मोबदला आणि शिक्षकाच्या शेजारी बसून शिकण्याची संधी.

आधी प्रश्न, मग देणगीदार

देणगीदार भेटला म्हणून घाईघाईने प्रकल्प रचायचा, हा क्रम टाळावा. सुरुवात प्राध्यापकांपासून करावी. प्राचार्यांनी किंवा संशोधन समितीने प्रत्येक विभागाकडून एक पानी टिपण मागवावे: सध्या कोणता प्रश्न अभ्यासला जात आहे, त्यातील कोणता भाग दहा आठवड्यांत पदवीचा विद्यार्थी प्रामाणिकपणे पूर्ण करू शकेल आणि त्याने तो केला नाही तर संशोधनात काय अपुरे राहील. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या कामाचा प्राध्यापकाला स्वतःला उपयोग नाही, असे काम विद्यार्थ्याला दिले की ते काही आठवड्यांत प्रात्यक्षिकाच्या वहीसारखे होते: उत्तर आधीच ठाऊक असलेले आणि कोणीही न वाचणारे.

आपल्या परिसरात अशा प्रश्नांची वाण नाही. ठाणे खाडी हे उदाहरण सर्वांत जवळचे. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे आणि २०२२ मध्ये त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. ठाण्यातील चेंदणी बंदर रस्त्यावरचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय तर खाडीच्या काठालाच आहे. खाडीच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजायला महागडे यंत्र लागत नाही. नमुना घेतल्या ठिकाणीच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून ऑक्सिजन स्थिर करायचा, मग प्रयोगशाळेत आम्ल घालून सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करायचे. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात नायट्राइट असण्याची आणि त्यामुळे मोजणी चुकण्याची शक्यता असल्याने अझाइडची सुधारित कृती वापरायची. हे सारे रसायनशास्त्राच्या एस.वाय.च्या विद्यार्थ्याला जमते. त्यासाठी लागतात ते हात, शिस्त आणि पुनःपुन्हा त्याच जागी जाण्याची तयारी, म्हणजेच विद्यार्थ्याचा वेळ.

संशोधन म्हणजे विज्ञान शाखा, हा समज मात्र सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात माथाडी कामगारांच्या पुढच्या पिढीचे शिक्षण आणि रोजगार कसा बदलला, हा अर्थशास्त्राचा विषय आहे आणि त्याला १९६९ च्या माथाडी कायद्याची पार्श्वभूमी आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाल्यानंतर ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, तिथल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे आणि ते लांबवता येणारे नाही, कारण ती पिढी आता थकत चालली आहे. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातील मासे, जाळी आणि भरती-ओहोटीविषयीची शब्दसंपदा नोंदवणे मराठी विभागाला सहज शक्य आहे. असे प्रकल्प तुलनेने कमी खर्चाचे असतात आणि गावातील देणगीदाराला ते लगेच कळतात.

एका विद्यार्थ्याचा खर्च मांडणे

देणगी मागण्याआधी ‘एक विद्यार्थी, एक प्रकल्प’ एवढ्या मापाचा खर्च कागदावर आणावा. संपूर्ण विभागाचा लाखोंचा आराखडा पाहून सामान्य देणगीदार मागे सरतो. एका विद्यार्थ्याचा खर्च पाहिला की आपण किती विद्यार्थ्यांचा भार उचलू शकतो याचा हिशेब तो स्वतःच करू लागतो.

नमुन्यादाखल उन्हाळी सुट्टीतील दहा आठवड्यांचा विज्ञान प्रकल्प घेऊ. आठवड्याला २० तास या हिशेबाने २०० तास होतात. तासाला १०० रुपये धरले तर मानधन २०,००० रुपये. रसायने आणि काचसामान ७,०००, बाहेरच्या प्रयोगशाळेतील चाचण्या ५,०००, प्रवास आणि होडीचे भाडे ३,०००, अहवाल, पोस्टर आणि परिषदेचे शुल्क ३,०००, अपघात विमा आणि हातमोजे-बुटांसारखे सुरक्षा साहित्य १,०००. बेरीज ३९,००० रुपये होते. त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च धरला की ४२,९०० रुपये. सहा विद्यार्थ्यांसाठी २,५७,४०० रुपये लागतील. हे आकडे मी हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक कॉलेजने आपले आकडे स्वतः काढावेत. तासाचा दर ठरवताना तर विद्यार्थ्यांनाच विचारावे की सुट्टीत दुसरीकडे काम केले असते तर किती मिळाले असते. त्या रकमेपेक्षा फार कमी मानधन ठेवले तर गरजू विद्यार्थी अर्जच करणार नाहीत आणि योजनेचा मूळ हेतू पहिल्याच वर्षी हातातून निसटेल.

देणगीदाराला यंत्र द्यायला आवडते, कारण यंत्रावर नाव कोरता येते. त्यात वाईट काही नाही. परंतु यंत्र दिले आणि ते चालवायला वेळ देऊ शकणारा विद्यार्थी नाही, नंतरच्या देखभालीची तरतूदही नाही, असे झाले तर त्या देणगीचा मान राहत नाही. यंत्राची देणगी येत असेल तर तिच्याबरोबर किमान तीन वर्षांची देखभाल आणि काही विद्यार्थ्यांचे मानधन जोडून मागावे.

कोणाकडे आणि कशी मागावी

पहिला दरवाजा माजी विद्यार्थ्यांचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच कॉलेजातून बाहेर पडलेली आणि आज नोकरी-व्यवसायात स्थिरावलेली पिढी रकमेने लहान पण नियमित आधार देऊ शकते. चार वर्गमित्रांनी मिळून एका विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च उचलावा, अशी मागणी त्यांना जड वाटत नाही. दुसरा दरवाजा स्मरणार्थ देणग्यांचा. आई-वडिलांच्या किंवा शिक्षकांच्या नावे बक्षीस ठेवण्याची चाल आपल्या संस्थांत जुनी आहे. त्याच भावनेने एका ‘संशोधन सहायका’चे मानधन त्यांच्या नावे ठेवता येईल, हे कुटुंबाला समजावून सांगावे. गुणवत्ता यादीतील पहिल्याला दिलेल्या ढालीपेक्षा दहा आठवड्यांच्या कामाचा विद्यार्थ्याच्या आयुष्यावर होणारा परिणाम कितीतरी खोल असतो.

तिसरा दरवाजा उद्योगांचा. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे टीटीसी औद्योगिक क्षेत्र, तळोजा आणि ऐरोली-महापेची आयटी संकुले आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी, म्हणजे सीएसआरसाठी खर्च करायची असते आणि कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संशोधनाचे एक वेगळे कलम आहे, पण ते मुख्यतः शासकीय निधीवर चालणारी विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तत्सम संस्थांसाठी आहे. खासगी संस्थेच्या महाविद्यालयाने आपला प्रस्ताव ‘शिक्षणाला चालना’ या कलमाखाली मांडणे अधिक सुरक्षित असते, कारण येथे विद्यार्थ्याचे शिक्षण हाच मुख्य लाभ आहे. निधी घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी, आयकर कायद्याखालील १२ए (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) मान्यता आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा मागितला जातो. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी केलेला खर्च कंपनीला सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे तशी अट आलीच तर ती नम्रपणे नाकारावी. त्याच वसाहतींतील लहान कारखानदार या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत; पण त्यांच्या बाबतीत निर्णय घेणारा माणूस समोरच बसलेला असतो आणि एका भेटीत होकार मिळू शकतो. त्यांना कमी लेखू नये.

भेटीला जाताना प्राध्यापकाबरोबर एखादी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी असावा आणि कामाचे वर्णन त्यानेच करावे. पाठांतर केलेले भाषण नको. मला काय शोधायचे आहे आणि त्यासाठी मी काय करणार आहे, एवढे चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. कंपन्यांचे वर्षाचे नियोजन आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला होत असल्याने प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीतच त्यांच्या हाती पडावा.

पैसा कोणत्या खात्यात, कोणत्या नावाने

हा भाग रूक्ष आहे, पण इथे झालेली ढिलाई पुढे सर्वांनाच महागात पडते. देणगी प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा विभागाच्या नावाने उघडलेल्या अनौपचारिक खात्यात कधीही घेऊ नये. बहुतेक महाविद्यालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या शिक्षण संस्थेची असतात आणि ८०जी मान्यता संस्थेच्या नावे असते. म्हणून देणगी संस्थेच्या बँक खात्यात यावी, व्यवस्थापन मंडळाने योजनेला मान्यता देणारा ठराव करावा आणि हिशेबात या निधीची स्वतंत्र खातेवही ठेवावी. पावतीवर हेतू स्पष्ट लिहावा: ‘पदवी विद्यार्थी संशोधन निधी, अमुक वर्षासाठी’. खर्चासाठी आलेली देणगी आणि कायम निधीसाठी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता केवळ व्याज वापरण्यासाठी आलेली देणगी, यांच्या नोंदी वेगळ्या असतात. कायम निधीसाठी देणगीदाराचे तसे लेखी पत्र घ्यावे.

देणगीदाराला करसवलतीचे आश्वासन जपून द्यावे. रोख दिलेल्या २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगीवर सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या व्यक्तीला ८०जीची वजावट मिळत नाही. आज नोकरदारांपैकी अनेकजण नव्या प्रणालीत असल्याने करसवलत हेच देणगीचे मुख्य आकर्षण म्हणून पुढे करणे योग्य नाही. संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरणपत्र भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यायचे असते. १९६१ च्या कायद्याखाली ते अनुक्रमे १०बीडी आणि १०बीई या नमुन्यांत होते व आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मे ही मुदत होती. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. पावतीपुस्तक छापण्यापूर्वी संस्थेच्या सी.ए.कडून मजकूर तपासून घ्यावा.

परदेशात स्थायिक झालेला माजी विद्यार्थी आपुलकीने पैसे पाठवू इच्छितो तेव्हा एक प्रश्न आधी विचारावा: आपले नागरिकत्व कोणते? भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. परंतु ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, त्याची देणगी विदेशी योगदान नियमन कायदा २०१० (एफसीआरए) च्या कक्षेत येते. त्यासाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खाते आवश्यक असते. नोंदणी नसेल तर अशी देणगी आभार मानून परत करावी.

करारपत्र: मैत्री असली तरी लेखी हवे

या संपूर्ण योजनेत सर्वांत अधिक विचार मागणारी जागा हीच आहे असे मी मानतो. समजा, खाडीला मिळणाऱ्या नाल्यांच्या पाण्यावर विद्यार्थी काम करत आहेत आणि निधी देणारी कंपनी त्याच औद्योगिक क्षेत्रातील रसायनांची उत्पादक आहे. कंपनीचा हेतू निर्मळ असेलही. तरीही निष्कर्ष गैरसोयीचे निघाले तर प्राध्यापकावर दडपण येईल, विद्यार्थ्याला कोणी काही न बोलताही गप्प राहण्याचा संकेत मिळेल आणि निष्कर्ष अनुकूल निघाले तर बाहेरचा कोणी त्यांवर विश्वास ठेवणार नाही. तिन्ही शक्यतांत नुकसान शिक्षणाचेच आहे. अशा वेळी त्या कंपनीचा निधी वेगळ्या विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी वापरावा किंवा अनेक देणगीदारांच्या सामायिक निधीत जमा करावा, म्हणजे कोणत्या प्रकल्पाला कोणाचा पैसा गेला हा प्रश्नच उरत नाही. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे.

प्रत्येक देणगीदाराशी दोन पानांचे पत्र करावे आणि त्यात काही गोष्टी निःसंदिग्ध असाव्यात. विद्यार्थी आणि विषय यांची निवड महाविद्यालयाची समिती करील. निष्कर्ष प्रसिद्ध करण्यासाठी देणगीदाराच्या परवानगीची गरज नसेल. अहवालात निधीचा उल्लेख मात्र स्पष्ट असेल. विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती, घरची परिस्थिती किंवा छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय देणगीदाराला दिले जाणार नाही. निधी मध्येच थांबला तरी सुरू झालेल्या विद्यार्थ्याचे मानधन ठरलेल्या मुदतीपर्यंत दिले जाईल, आणि त्यासाठी संपूर्ण रक्कम काम सुरू होण्यापूर्वी खात्यात जमा झालेली असावी. हे शेवटचे कलम देणगीदाराला थोडे कडक वाटेल. पण जूनच्या मध्यावर ‘पुढचा हप्ता आला की देऊ’ असे विद्यार्थ्याला सांगण्याची वेळ कोणत्याही कॉलेजवर येऊ नये.

निवड आणि परवानग्या

निवड गुणांच्या यादीवरून केली की वर्गातील नेहमीची तीच नावे येतात. गुणांची किमान पातळी ठेवावी, पण खरा भर अर्ध्या पानाच्या अर्जावर आणि दहा मिनिटांच्या बोलण्यावर असावा. अर्ज मराठीत लिहिण्याची मुभा असावी; मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात उत्तम प्रश्न असतो, तो इंग्रजीच्या भीतीने ओठांवर येत नाही. एस.वाय.च्या विद्यार्थ्यांना प्राधान्य द्यावे, कारण त्यांच्या हातात पुढे किमान एक वर्ष उरते आणि ते पुढच्या तुकडीला शिकवू शकतात. शासकीय शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दुसऱ्या आर्थिक साहाय्याविषयीच्या अटी योजनेनुसार वेगळ्या असतात; म्हणून मानधन देण्यापूर्वी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून खात्री करून घ्यावी, नाहीतर मदत करायला जाऊन त्याची मूळ शिष्यवृत्तीच धोक्यात येईल.

परवानग्यांना महिने लागतात हे गृहीत धरावे. अभयारण्याच्या हद्दीत वैज्ञानिक अभ्यासासाठी जायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. खाडीच्या बाबतीत वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी लवकर संपर्क साधावा. माणसांच्या मुलाखती असतील तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि मुलाखत देणाऱ्याची लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमती घ्यावी. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती आवश्यक आहे.

पहिले दोन आठवडे

या काळात मोजमाप सुरू करण्याची घाई करू नये. विद्यार्थ्याला बांधीव नोंदवही द्यावी, पाने क्रमांकित असावीत, लिहिलेले खोडू नये तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी, प्रत्येक दिवसाची तारीख, वेळ आणि जागा नोंदवावी. एक शोधनिबंध मार्गदर्शक आणि विद्यार्थी अशा सर्वांनी मिळून वाचावा आणि त्याची चर्चा ज्या भाषेत विद्यार्थी मोकळेपणाने बोलतो त्या भाषेत करावी.

खाडीवर काम असेल तर भरती-ओहोटी शिकणे हाच पहिला धडा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. एका आठवड्यात उधाणाच्या भरतीला आणि दुसऱ्या आठवड्यात भांगाच्या ओहोटीला नमुना घेतला तर दिसणारा फरक प्रदूषणाचा की पाण्याच्या हालचालीचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. पावसाळ्यात खाडीची क्षारता उतरते, तेही ध्यानात हवे. वेळापत्रक आखताना कोळीवाड्यातील अनुभवी नाखव्याशी बोलावे, त्याच्या होडीचे आणि मार्गदर्शनाचे पैसे अंदाजपत्रकातून रीतसर द्यावेत आणि अहवालात त्याचे आभार नावानिशी, अर्थात त्याच्या संमतीने, मानावेत. चिखलात किंवा होडीत एकट्या विद्यार्थ्याला पाठवू नये, हा नियम अपवादाविना पाळावा.

मार्गदर्शकाचा वेळही मोजावा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. परीक्षा, प्रवेश आणि मूल्यांकनाची कामे त्याव्यतिरिक्त. यात आणखी सहा विद्यार्थी एका प्राध्यापकावर सोपवले तर मार्गदर्शन कागदावरच राहते. एका मार्गदर्शकाकडे तीनपेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि शक्य असेल तिथे एम.एस्सी.चा किंवा पीएच.डी.चा विद्यार्थी मधला दुवा म्हणून असावा.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांचा विचार इथे मुद्दाम करायला हवा. त्यांच्यापैकी अनेकजण संशोधनात तयार असतात, विद्यार्थ्यांशी त्यांचे सूत जुळलेले असते, पण शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळत असल्याने मार्गदर्शनाचा प्रत्येक तास त्यांच्या पदरचा जातो. त्यांना मार्गदर्शक नेमायचे असेल तर त्यांचे मानधन अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दाखवावे. पूर्णवेळ प्राध्यापकाला पैशांपेक्षा कामाच्या वाटणीत सवलत द्यावी, उदाहरणार्थ, त्या सत्रात एखाद्या समितीची जबाबदारी कमी करावी.

आठवड्यातून एक ठरलेला तास सर्वांनी एकत्र बसण्याचा असावा. त्यात प्रत्येकाने काय केले, कुठे अडले आणि पुढच्या आठवड्यात काय करणार एवढेच बोलावे. मानधन महिन्याच्या शेवटी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावे.

श्रेयांक आणि मानधन

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, सामाजिक सहभाग, ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि त्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. याचा अर्थ असा की ज्याला ७० टक्के आहेत त्याच्यासाठी संशोधनाचा तो दरवाजा बंद आहे. देणगीवर चालणारी योजना अशा विद्यार्थ्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच संधी देऊ शकते, हे देणगीदाराला आवर्जून सांगावे. श्रेयांकांसाठी मोजलेले तास आणि मानधनासाठी मोजलेले तास मात्र वेगळे ठेवावेत. एकाच तासाचे दोन मोबदले दिले तर हिशेब तपासताना प्रश्न उभे राहतात आणि इतर विद्यार्थ्यांनाही ते अन्यायाचे वाटते.

देणगीदाराला काय कळवावे

दोन महिन्यांनी एक छोटे पत्र, काम संपल्यावर विद्यार्थ्याने स्वतः मराठीत लिहिलेले दोन पानी टिपण आणि आर्थिक वर्षाअखेर सी.ए.च्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र एवढे पुरेसे आहे. टिपणात काय सापडले याबरोबर काय सापडले नाही हेही असावे. प्रयोग फसला तर तसे लिहावे. प्रामाणिक अपयश समजून घेणारा देणगीदार पुढच्या वर्षीही सोबत राहतो. मोठ्या धनादेशाची प्रतिकृती हातात धरून विद्यार्थ्यांना रांगेत उभे करण्याची छायाचित्रे टाळावीत. त्याऐवजी वर्षातून एक दुपार सादरीकरणाची ठेवावी, देणगीदाराला समोर बसवावे आणि त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

चांगले काम राज्यपातळीवरच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत न्यावे. तिथे पदवी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट आहे आणि मानव्यविद्या, वाणिज्य, विज्ञान अशा शाखांना आपापली जागा आहे. शोधनिबंध तयार झाला तर विद्यार्थ्याचे नाव त्याच्या कामाच्या प्रमाणात लेखकांमध्ये असावे, आणि पैसे भरले की चार दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांना देणगीतील एक रुपयाही जाऊ नये. मूळ नोंदवह्या आणि कच्ची आकडेवारी कॉलेजकडेच राहावी. खाडीचे एका वर्षाचे आकडे फारसे काही सांगत नाहीत. त्याच ठिकाणचे, त्याच पद्धतीने घेतलेले आठ-दहा वर्षांचे आकडे महापालिकेला आणि वन विभागालाही उपयोगी पडतात.

कायम निधीची वेळ

पहिल्याच वर्षी कायम निधी मागू नये. आधी तीन वर्षांचे वचन घ्यावे, योजना चालवून दाखवावी, खर्चाचे खरे आकडे हाती येऊ द्यावेत. त्यानंतर हिशेब सोपा आहे: एका विद्यार्थ्याला वर्षाला ४२,९०० रुपये लागत असतील आणि ठेवीवर ६ टक्के व्याज मिळत असेल, तर मूळ निधी ७,१५,००० रुपयांचा हवा. मात्र सगळे व्याज दरवर्षी खर्च केले तर महागाईने काही वर्षांतच त्या रकमेत एक विद्यार्थी बसेनासा होतो. म्हणून सहापैकी दोन टक्के व्याज मूळ रकमेत परत जमा करायचे ठरवले तर खर्चायला चार टक्केच उरतात आणि त्या हिशेबाने निधी १०,७२,५०० रुपये लागतो. देणगीदाराला दोन्ही आकडे दाखवावेत, मोठा आकडा का सांगत आहोत ते समजावून द्यावे आणि तेवढी रक्कम एकदम शक्य नसेल तर तीन-चार वर्षांत ती पूर्ण करण्याची मुभा पत्रातच लिहून ठेवावी.